दोन सुतांची पिन

"तुझ्या शिंगरानं परत मान टाकली बघ."

मामाचा फोन आला तेव्हा मी एका पतसंस्थेच्या पोटमाळ्यावर व्हाउचरांचे गठ्ठे सोडून बसले होते. आवाज खाली आणून विचारलं, "आवाज कसला आला?"

"आवाज कसला यायचा? टक् झालं. इंजिन आपलं चालूच, गाडा जाग्याव."

चहा घेऊन आलेल्या क्लार्कबाईंचा चेहरा पडला. फोन ठेवल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "घोडा आहे का तुमच्याकडे?" मी म्हटलं, ट्रॅक्टर आहे. हे त्यांना घोड्यापेक्षाही अवघड वाटलं असावं. पन्नाशी उलटलेली, सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहणारी लेखापरीक्षक बाई, हिला ट्रॅक्टर कशाला?

तसा तो मामाचा. सोलापूर रस्त्याला सोरतापवाडीत त्याची नर्सरी आहे. त्या गावात ज्याला त्याला नर्सरी आहे, तशीच त्याचीही. गुलाब, जास्वंद, कण्हेर आणि हल्ली बंगल्यांच्या दारात लावायला लागतात ती नाव न सांगता येणारी शोभेची झाडं. १९८६ साली मामा एका भंगाराच्या लिलावात पाइप घ्यायला गेला होता. पाइपांच्या ढिगाखाली हे निघालं. जेमतेम साडेतीन फूट रुंद, बसलं की गुडघे छातीशी येतात, बॉनेट उघडलं की आत एका सिलिंडरचं, हवेवर गार होणारं इंजिन. बॉनेटवरची नावाची पट्टी केव्हाच गेलेली. लॉटमध्ये आलं म्हणून आलं. मोठा ट्रॅक्टर घोडा धरला तर हे शिंगरू, असं मामीने पहिल्याच दिवशी ठरवलं आणि तेच नाव पडलं. कुंड्यांच्या दोन ओळींमधून जाणारं दुसरं वाहन गावात नव्हतं. पोयटा, शेणखत, कोकोपीट, भरलेल्या पिशव्या, सगळं छोट्या ट्रॉलीत घालून हे ओढायचं. "पाइप अजून हायेत, शिंगरूबी हाय, पैसे तेवढे गेले," असं मामा आजही सांगतो.

ही जात मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शहराबाहेर घरं झाली, घराभोवती एक-दोन एकराची हिरवळ झाली, आणि शेतकरी नसलेल्या माणसालाही ट्रॅक्टर हवासा वाटू लागला. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ च्या सुमारास कब कॅडेट काढला, जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा. कब कॅडेटची गंमत अशी की त्याची गिअरपेटी कंपनीच्याच फार्मॉल कब या खऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरावरून घेतलेली होती. म्हणजे सात घोड्यांच्या इंजिनामागे शेत नांगरणाऱ्या यंत्राचं पोट. पहिल्या मॉडेलात इंजिनाची ताकद पट्ट्याने मागे जायची, १९६३ पासून पट्टा गेला आणि सरळ शाफ्ट आला. १९८१ मध्ये कंपनीने हा धंदा विकून टाकला, पण साठ-सत्तरच्या दशकातले हे ट्रॅक्टर तिकडे अजून चालतात, लोक ते हौसेने उघडतात आणि जोडतात.

या जातीत दोन जमाती आहेत, पट्टेवाले आणि शाफ्टवाले. पट्टा घसरतो, किंचाळतो, जळका वास सोडतो; थोडक्यात सांगून मरतो. शाफ्ट काही सांगत नाही. आमचं शिंगरू शाफ्टवालं. पुढे इंजिन, मागे गिअरपेटी, मध्ये पाच सुती दांडा. (ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी, लेथवाल्यांचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पेठांतल्या वर्कशॉपमध्ये मिलिमीटर येऊन जमाना झाला, तरी तोंडात सूतच आहे.) दांड्याचं मागचं टोक आणि गिअरपेटीचा शाफ्ट एका लोखंडी बुशात, म्हणजे जाड नळीत, शिरतात. त्या बुशाला आमचे मिस्त्री कपलर म्हणतात. दोघांनाही आडवं भोक पाडून एकेक पिन ठोकलेली. दोन सुतांची. बाराएक घोड्यांची ताकद त्या करंगळीच्या नखाएवढ्या लोखंडातून मागे जाते.

हे वाक्य लिहायला सोपं आहे म्हणून मी एकदा हिशोब मांडून पाहिला. धंद्याची सवय. बारा हॉर्सपॉवर म्हणजे नऊ किलोवॅट. मिनिटाला ३६०० फेऱ्यांना पीळ येतो साधारण २४ न्यूटन-मीटर. सोळा मिलिमीटरच्या दांड्याच्या दोन कडांवर तो वाटला, तर पिनेच्या एकेका कापावर दीडशे किलोच्या आसपास भार. तोही सरासरी. चार-स्ट्रोकचं एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट करतं, उरलेला वेळ फुकट फिरतं. म्हणजे सेकंदाला तीस वेळा दणका, आणि दोन दणक्यांच्या मध्ये ढिलाई. तासाला एक लाख आठ हजार. पिन भोकात घट्ट असेल तर ती हे सगळं पोटात घालते. केसभर जरी सैल असली, तर प्रत्येक दणक्याला आधी तेवढं अंतर धावते आणि मग आपटते. भोक गोलाचं अंडं होतं. अंडं झालं की अंतर वाढतं, अंतर वाढलं की आपटणं वाढतं. चक्रवाढ व्याजाचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

त्या दिवशी मान टाकली ती पिनच तुटून. पहिल्यांदा नव्हे, त्या दोन वर्षांतली ती पाचवी वेळ.

पहिल्या वेळी मामाने स्वतःच उपाय केला होता. भोक मोठं झालंय म्हणून जाडसर बोल्ट घातला, मागून नट आवळला. दिसायला भक्कम. महिन्या-दीड महिन्यात तोही गेला. काढला तर त्याचे आटे गुळगुळीत झालेले, आणि भोकाच्या आत बारीक करवतीने कापल्यासारख्या रेघा. त्या भोकात आटे असलेला बोल्ट घालणं म्हणजे कानशीच बसवून सेकंदाला तीस वेळा हलवणं, हे मला नंतर कळलं. घालायचाच तर बिनआट्याचा भाग दोन्ही भिंतींत येईल एवढा लांब बोल्ट घ्यावा, उरलेला कापावा.

दुसऱ्या वेळी गावातल्या एका वेल्डरने सगळ्यांची समजूत काढली. "पिनच कशाला पायजे? आपन जाम करून टाकू." त्याने कपलर दोन्ही बाजूंनी वेल्ड करून टाकला. मला तो उपाय मनापासून आवडला होता, हे कबूल करते. ना पिन, ना भोक, ना कटकट. उन्हाळाभर शिंगरू असं चाललं की मामा कौतुकाने शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा. जून लागला आणि गिअरपेटीच्या तोंडाशी तेल दिसायला लागलं. आधी ओल, मग थेंब, मग खाली मातीत काळं डबकं. ऑइल सील फाटलेलं, त्यामागचं बेअरिंग गडगडत होतं. पिनेचे होते तीस रुपये, बेअरिंग-सील आणि गिअरपेटी उतरवायची मजुरी धरून किती झाले ते मामाने मला अजून सांगितलेलं नाही. वेल्ड केलेला भाग ग्राइंडरने कापून काढावा लागला, ते वेगळंच.

तिथून हे प्रकरण माझ्याकडे आलं. का आलं, हे नीट सांगता येणार नाही. लॉकडाउननंतर मी दर रविवारी सोरतापवाडीला जायला लागले होते. मामी नातवाला सांभाळायला २०२१ च्या पावसाळ्यात नाशिकला लेकीकडे गेली. मामाचे गुडघे गेले, त्याला खाली वाकता येईना. घरात बसून दोघांनी टीव्ही बघण्यापेक्षा मी शिंगराखाली आडवी व्हायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका कागदावर शोधल्या; इथे चूक हाताला लागायची, काळी व्हायची, साबणाने जायची नाही. बरं वाटायचं.

कपलर घेऊन मी नाना पेठेत गेले. गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सची ती पेठ, पण असा पार्ट कोणाकडे असणार? एका दुकानदाराने जीपचा क्रॉस पुढे केला, "हा लावा ताई, कुठेही वळतो." वळतो हे खरं. पण एकटा क्रॉस, म्हणजे सतराव्या शतकात ज्याच्यावर रॉबर्ट हूकने डोकं चालवलं तो सांधा, ताकद एकसारखी देत नाही. दहा अंशांच्या कोनात पुढचं टोक दर फेरीत दोनदा दीड टक्का पुढे पळतं आणि दोनदा तेवढंच मागे राहतं. ती उणीव भरायला दुसरा क्रॉस त्याच बसणीत लावावा लागतो. आमच्या दांड्यात दोन क्रॉस मावायला जागाच नाही. जुन्या बाजारातही एक रविवार घालवला. तिथे मला पितळी अडकित्ता मिळाला, कपलर मिळाला नाही.

शेवटी एका गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या अंधारात, लेथ दिसला. मिस्त्री सत्तरीचे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी जुना बुश हातात घेतला, पिनेच्या भोकावर करंगळी फिरवली आणि म्हणाले, "ओव्हल झालंय. नवीन करू." ईएन-८ जातीच्या पोलादाचा तुकडा चकमध्ये लावून त्यांनी तासाभरात कपलर उतरवून दिला. पिनेचं भोक मात्र पाडलं नाही. "दांडा घेऊन या. बुश दांड्यावर चढवून दोघांना एकदम पाडायचं. वेगवेगळं पाडलं तर ते जन्मात जुळत नाही." पुढच्या आठवड्यात मी तो सव्वादोन फुटी दांडा बसमधून नेला. कंडक्टरने तिकीट दांड्याचं मागितलं नाही, नजर मात्र उतरेपर्यंत ठेवली.

दांड्यावरचं जुनं भोक अंड्यासारखं झालेलं. मिस्त्रींनी दांडा व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवला, पाव फेरी फिरवला आणि जुन्या भोकाशी काटकोनात, बोटभर पुढे, कोऱ्या लोखंडात नवं भोक घेतलं. साधी पिनही नाही दिली. पत्रा गुंडाळून केलेली स्प्रिंग पिन दिली, ठोकली की ती आवळते आणि आत गेल्यावर भोकाच्या भिंतींना फुगून धरते. त्यातही फाटवाली नको, वेटोळ्याची घ्या, म्हणाले, दणका ती जास्त खाते. ठोकताना टक्-टक् असा आवाज येत होता, बसली तेव्हा तो एकदम बंद होऊन ठक् असा भरीव झाला. तो आवाज मी घरी येईपर्यंत कानात घेऊन आले.

तीन महिने.

तीन महिन्यांनी चौथी वेळ. यावेळी मी शहाणपणा केला. बोहरी आळीत स्टार कपलिंग मिळतं. दोन लोखंडी पंजे आणि त्यांच्या बोटांत अडकलेला रबराचा तारा. पंप, कॉम्प्रेसर, जनरेटर, सगळीकडे असतं. दुकानदार त्याला लव्हजॉयच म्हणतात, वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. एल-१०० नंबरचं घेतलं, दोन्ही पंजे मिस्त्रींकडून बोअर करून घेतले. ते काम करताना गप्प होते, एवढंच म्हणाले, "लावून बघा." बाराव्या दिवशी रबराच्या ताऱ्याचा काळा चुरा झाला. मामाने तो पुडीत बांधून ठेवला होता, माझ्यासाठी. मी पंजे उतरवले आणि निमूटपणे पुन्हा पिनेवर आले. ती टिकली सात आठवडे. पतसंस्थेत फोन आला तो तिच्याच निधनाचा.

आता मिस्त्रींच्या दुकानात जायला मला लाज वाटत होती. गेले, तुटलेल्या पिनेचे तीन तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी भिंग मागवलं. मग विचारलं, "ताई, तुम्ही दरवेळी पिन आणताय. गाडा कुठंय?"

"सोरतापवाडीला."

"गुरुवारी लाइट नसते. गुरुवारी येतो."

आले ते माझ्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत फूटपट्टी, फीलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पानं) आणि एक पांढरा रुमाल. मामाने खुर्ची टाकली, चहा सांगितला. चहा होईस्तोवर मिस्त्री शिंगराभोवती दोनदा फिरले, मग माझ्यापेक्षा चपळाईने खाली गेले. कपलरच्या जागी रुमाल पुसून बाहेर काढला. रुमालावर तांबूस पूड.

"हे काय आहे?"

"गंज," मी म्हटलं. नर्सरी आहे, रोज पाणी मारतात, गंजणारच.

त्यांनी पूड बोटांवर घेऊन चोळली. "गंजाला खपल्या असतात. ही बघा, कुंकवासारखी आहे. लोखंडावर लोखंड घासून अशी होते. भार येऊन पिन तुटली असती तर पूड झाली नसती. इथे दोन टोकं एका रेषेत नाहीत. दर फेरीला पिन आपली कुरतडतीय."

मग त्यांनी मला स्टार कपलिंगचे पंजे शोधून आणायला लावले. (फेकले नव्हते, मी काहीच फेकत नाही अशी माझी ख्याती आहे, तिचं काय ते पुढे येईलच.) एक पंजा इंजिनाकडच्या टोकाला चढवला, एक गिअरपेटीच्या. मधला तारा न घालता पंजे समोरासमोर आणले आणि वरून स्टीलची पट्टी ठेवली. गिअरपेटीच्या पंजावर पट्टी सपाट बसली. इंजिनाकडच्या पंजावर खाली उजेड दिसत होता. फीलर गेजची सगळी पानं एकत्र करून घातली तरी जागा उरली. तीन मिलिमीटरच्या आसपास. ज्या कपलिंगला मी नावं ठेवली होती त्याच्या निर्मात्याने आधीच सांगून ठेवलंय, दोन शाफ्टांतला फरक ०.३८ मिलिमीटरपर्यंत आणि कोन एक अंशापर्यंत मी सांभाळीन. आम्ही त्याच्यावर आठपट लादलं होतं.

"इंजिन बसलंय," मिस्त्री खालूनच म्हणाले.

या ट्रॅक्टरांच्या आधीच्या पिढीत इंजिन चेसीवर थेट आवळलेलं असायचं. एका सिलिंडरची थरथर तशीच माणसाच्या कण्यात जायची. १९७४ च्या सुमारास कब कॅडेटनेही इंजिन रबरी गाद्यांवर ठेवायला सुरुवात केली आणि त्या मालिकेला नावच 'क्वाएट लाइन' दिलं. बसणाऱ्याला सुख झालं. पण गिअरपेटी चेसीला घट्ट आणि इंजिन रबरावर डुलणारं, मग मधल्या दांड्याने करायचं काय? रबर ताजं असेतो तो फरक चालून जातो. आमच्या शिंगराचं रबर जवळपास पन्नास वर्षांचं, त्यात तेल पिऊन लिबलिबीत झालेलं. एकेक गादी भाकरीसारखी चपटी.

"कधीपासून पिना जायला लागल्या?" मिस्त्रींनी चहा हातात घेत विचारलं.

मामा म्हणाला, "वय झालं आता त्याचं. आमच्यासारखंच."

"ते नाही. पहिली कधी गेली?"

मामाने आठवलं. "पूर्वीबी जायची, पर दोन-दोन वर्सं टिकायची. ही पाच मात्र लागोपाठ. दसऱ्याच्या म्होरं. मामी नाशिकला गेली त्या साली."

आणि मला दरदरून घाम फुटला.

हा प्रश्न मला पडायला हवा होता. माझ्या धंद्यात तो पहिला असतो. ताळेबंद जुळत नाही तेव्हा नवखा माणूस फरक जिथे दिसतो तिथेच खोडत बसतो, किंवा ती रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे हिशोब न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाकतो आणि निजतो. जुना माणूस विचारतो, शेवटचा जुळला कधी होता? तिथपासून पुढे नोंदी वाचत यायचं. मी वर्षानुवर्षं कारकुनांना हे ऐकवत आले. आणि दोन वर्षं ट्रॅक्टराखाली आडवी होऊन फक्त सस्पेन्स खातं घासून-पुसून चकचकीत करत होते.

२०२१ च्या खंडेनवमीला मी शिंगरू धुतलं होतं. पूजेआधी. उत्साह एवढा की इंजिनाचे चारही नट सैल केले, मामाकडून खाली पहार लाववून घेतली, चेसीवरचा तेल-मातीचा थर खरवडून काढला. त्या चिखलात प्रत्येक नटाखाली काळ्या रबराचे तुकडे होते. तीन-तीन, चार-चार, एकावर एक, तेलाने चिकटलेले. कुठल्यातरी जुन्या ट्यूबचे. कोणीतरी कधीतरी कोंबलेला कचरा, असं म्हणून मी ते चिमट्याने ओढून काढले, बादलीत टाकले, नट आवळले, झेंडूची माळ घातली. फोटोही काढला. काही न फेकणाऱ्या बाईने आयुष्यात फेकलेला बहुधा तो एकच माल.

मी हे सगळं सांगितलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी बशीत चहा ओतला.

"ट्यूब कोणी लावली होती?" मी मामाला विचारलं.

"म्या न्हाई." मामा खरोखरच गोंधळला होता. "पर तुझी मामी दर दसऱ्याला त्याच्याखाली जायची खरी. मला वाटायचं पुसतीय."

नाशिकला फोन लावला. स्पीकरवर टाकला. मामी नातवाला भरवत होती.

"आगं, ते लई हादरायचं!" ती म्हणाली. "ट्रॉली मीच ओढायचे की, तुझा मामा कुठं बसायचा त्याच्यावर? संध्याकाळी कमरेत अशी कळ यायची. मंग ट्रकची ट्यूब आणली पंक्चरवाल्याकडनं, कलमाचा डोळा भरायच्या चाकूनं कापली आन् घातली नटाखाली. जरा बरं वाटलं. फुडल्या साली ती चपटी झाली, मंग वरनं आणिक एक."

"किती वर्षं?"

"काय म्हायती बाई. तुझ्या मामेभावाचं लग्न झालं त्याच्या आधीपासनं."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की तिच्यामुळे इंजिन दरवर्षी तेवढंच उचललं जात होतं जेवढं बसत होतं, दांडा सरळ राहत होता, पिन टिकत होती. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. "पिनेचं मला काय ठावं न्हाई," म्हणाली. "माझी कंबर दुखायची." मग नातू रडायला लागला आणि जाता जाता तिने बजावलं, "सायकलची ट्यूब नको घालूस हां. आठ दिसांत फाटते. ट्रकचीच घे."

मिस्त्रींना हे फार आवडलं. परतीच्या वाटेवर, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये, मागून हसू ऐकू येत होतं.

ट्यूब घातली नाही शेवटी. जनरेटरखाली असतात तसली रबराची माउंटिंगं मिळतात, दोन्ही बाजूंना स्टड असलेली. साठ शोअर कडकपणाची चार आणली. जुनी काढताना एक हातातच कुस्करली. नवी बसवल्यावर पट्टी ठेवून पाहिलं तर आता इंजिन किंचित वर. तेव्हा मग गिअरपेटीखाली पातळ पितळी पत्र्याचे शिम, एकेक करून. घाल, आवळ, पट्टी ठेव, सोड, काढ. यात आमचे दोन गुरुवार गेले. आवळल्यावर माप बदलतं, हे मला माहीत नव्हतं. दरवेळी चारही नट पूर्ण आवळूनच मोजायचं, नाहीतर ते मोजणं खोटं. दुसऱ्या गुरुवारी दुपारी पट्टीखाली दोन दशांश मिलिमीटरचं पान अडकलं आणि मिस्त्री म्हणाले, "पुरे. याच्या पुढे गेलं की ते तुम्हाला वेडं करतं."

स्टार कपलिंग पुन्हा लावू का, मी विचारलं. आता चाललं असतं. त्यांनी नको सांगितलं. ट्रॉली झाडाच्या बुंध्याला अडकली, मागचं चाक जाम झालं, तर काहीतरी तुटायलाच हवं, आणि ते तीस रुपयांचं असावं. मग नवा कपलर, नवं भोक (दांड्याला आता तीन भोकं आहेत, चौथं पाडायची वेळ आली तर दांडा नवा करायचा, असं ठरलंय) आणि वेटोळ्याची पिन. ठक्.

त्यांनी मजुरीचे पैसे घेतले, स्कूटरच्या पेट्रोलचे मी घेतले नाहीत यावर थोडा वाद घातला, आणि सुट्या पिना किती देऊ म्हणून विचारलं. मी दहा मागितल्या. दोन दिल्या.

त्याला आता वर्ष झालं. मध्यंतरी एकदा मीच पिन ठोकून काढली, तुटली नसताना, नुसती पाहायला. मामा ओरडला. मायक्रोमीटर लावला तर कापाच्या दोन्ही जागी जरा कंबर पडलीय, अंगठ्याच्या नखाला कळेल न कळेल इतकी. रुमालावर पूड आली, पण चिमूटभरही नाही. तीच पिन परत घातली नाही. एकदा काढलेली स्प्रिंग पिन पुन्हा तेवढी फुगत नाही. म्हणजे दोनातली एक मी हौसेपोटी संपवली.

गेल्या दसऱ्याला मामी आली होती, चार दिवसांसाठी. आल्या आल्या चप्पल काढून शिंगरावर बसली, तिच्या सवयीनं डावा पाय आधी. मी किल्ली फिरवली. तिने कुंड्यांच्या ओळीतून विहिरीपर्यंत नेलं, वळवलं, परत आणलं. मामा दारात उभा. इंजिन बंद करून ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"हादरत न्हाई," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "झोप येईल की गं याच्यावर."